पर्वरीच्या फूड हॉलमधला काउंटर घ्यावा की नुसती अ‍ॅपवर डिलिव्हरी?

फोंड्याची_सून
नमस्कार मंडळी. सासूबाई आणि मी फोंड्याला घरून जेवणाचे डबे देतो. हुमण (माशांची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेली इसवण (सुरमई). श्रावणात शाकाहारी खतखते, मुगागाठी. पर्वरीला एक नवा फूड हॉल उभा राहतोय. दहाबारा काउंटर, बसायची जागा आणि भांडी धुण्याची सोय सामाईक. मालक म्हणतो डिपॉझिट नको, विक्रीचे २२ टक्के द्या, पण महिन्याला कमीत कमी ३५ हजार द्यावेच लागतील. भाचा म्हणतो, "मामी, जागेच्या भानगडीत पडू नकोस. फासोस बघ, २००४ मध्ये पुण्यात रोलच्या दुकानापासून सुरू झाले, आज केवढे झालेत." दोन्ही केलेलं कोणी आहे का इथे?

म्हापशेकर_किचन
ताई, मी दोन्ही करतो. भाच्याला सांगा, फासोसने रोल निवडला, थाळी नाही. रोल कागदात घट्ट गुंडाळला की कुठेही जातो. पुढे त्यांनी एकाच किचनमधून बेहरूझ बिर्याणी, ओव्हन स्टोरी असे वेगवेगळे ब्रँड चालवले, तेही गुंतवणूकदारांच्या पैशावर.

आपलं गणित बघा. २०० ची थाळी, अ‍ॅपचं कमिशन २५ टक्के धरलं तर ५० गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी ९. उरले १४१. डबे-पिशवीचे १५ काढा. १२६ मध्ये इसवण बसवून दाखवा! गिऱ्हाइकाच्या बिलावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवालेच भरतात, ती चिंता नाही. पण वरच्या ९ रुपयांचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, जीएसटी नोंदणी असली तरी.

शिवाय डब्यात वाफ धरली की तळलेल्या मासळीचा रवा नरम पडतो, आणि गिऱ्हाईक स्टार कापतं ते आपले. म्हणून मी अ‍ॅपवर थाळी ठेवतच नाही. शागुती (चिकनचा मसालेदार रस्सा), सुंगटांची (कोळंबीची) करी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं एवढंच. रस ऑमलेटही जातं, पण रस (रस्सा) वेगळ्या डबीत सील करून. तळलेलं सगळं काउंटरवर, तव्यावरून थेट ताटात.

आता फूड हॉल. २२ टक्के वाईट नाहीत, त्या ३५ हजारांकडे बघा. महिन्याला साधारण १ लाख ६० हजार विक्री झाली तरच ते २२ टक्के. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मासळी महाग, पर्यटक तुरळक. विक्री ८० हजारांवर आली तर तेच ३५ हजार म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. या दोन महिन्यांत फक्त टक्केवारी, असं करारातच लिहून घ्या. दुसरा मासळीवाला काउंटर देणार नाही, हेही. आणि एक्झॉस्ट स्वतः जाऊन बघा. शेजारी कॉफी-केकवाला असला तर बांगडा तळायच्या पहिल्याच दिवशी भांडण.

डिचोलीचा_बाबू
म्हापशेकरांना एक जोड. घरच्या पत्त्यावरची एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा) नोंदणी पर्वरीला चालत नाही, प्रत्येक जागेची वेगळी काढावी लागते.

सचिवालय_कँटीन_भक्त
पर्वरीला दुपारी गर्दी असते ती ऑफिसवाल्यांची. त्यांना १ वाजता ताट समोर हवं, पावणेदोनला ऑफिसच्या टेबलावर परत. रविवारी कोण येणार ते मालकाला विचारा. आणि तुम्ही हुमण वाढणार असाल तर मी येतो, पत्ता टाका.

फोंड्याची_सून
सगळ्यांचे आभार. पावसाळ्याचं विचारलं, मालक "बघू" म्हणाला. बिलिंग त्यांच्याच मशीनवर, आमचे पैसे १५ दिवसांनी. सासूबाईंना केकवाल्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या केकवाल्यानेच बघून घ्यावं.

म्हापशेकर_किचन
"बघू" म्हणजे नाही, ताई. लेखी येईपर्यंत सही करू नका. आणि १५ दिवस? मासळीवाली रोज रोख मागते. पंधरवड्याची मासळी, गॅस, मदतनिसाचा पगार इतके पैसे आधी बाजूला असतील तरच. नाहीतर दर आठवड्याला हिशोब मागा. बहुतेक जण देतात, फक्त मागितल्याशिवाय नाही.