अस्तराखालची माती विसरू नका
"कालव्यांना एकदा काँक्रीटचं अस्तर मारा, गळती थांबेल आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनाही पाणी मिळेल," असं नेहमी सांगितलं जातं. बरोबर आहे, पण अर्धंच. मी मुलुंडला राहतो, गाव मात्र पुणे जिल्ह्यात एका कालव्यावर. दिवाळीत पाहिलं, वितरिकेचं (मुख्य कालव्यातून निघणाऱ्या फाट्याचं) अस्तर मधोमध फुगलेलं, हात जाईल एवढी भेग आणि त्यातून वीतभर गवत. काम सात-आठ वर्षांचंच!

दोष नुसता ठेकेदाराचा नसतो (असतोही म्हणा). काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यापुढे तीन-चार इंची काँक्रीट म्हणजे पापड. यावरचा उपाय आपल्या पवईच्या आयआयटीतल्या प्रा. कट्टींनी सत्तरच्या दशकातच मांडला: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मुरमाचा साधारण मीटरभर थर दाबून बसवायचा, मग अस्तर. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर तो वापरलाही. पण असा मुरूम लांबून आणावा लागला की खर्च वाढतो, आणि कात्री आधी त्याच थराला लागते.

दुसरं कारण पाण्याचं. आवर्तन (कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडण्याची पाळी) बंद करताना पाणी झटकन उतरवलं, तर अस्तरामागे साचलेलं पाणी फरशा उचकटतं. ते निघायला ठेवलेली भोकं गाळाने बुजलेली असतात.

आणि विहिरी? आमच्या चुलत्यांची विहीर कालव्याच्या पाझरावरच जगते. ते त्याला गळती म्हणायला तयारच नाहीत! माझ्या मते सरसकट काँक्रीट नको. आधी जिथून पाणी जास्त झिरपतं ते, म्हणजे माती भरून उंचावलेले आणि मुरमाड जमिनीतले पट्टे घ्यावेत.