पाळी चुकायची वाट बघू नका

ताई, 'पालक-मेथी रोज खाते, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहिल्यावर सुरू करीन' असं म्हणालात, म्हणून लिहितेय. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नळी नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड मदत करतं, म्हणून ते रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून ते गरोदरपणाचे १२ आठवडे होईपर्यंत. भाजीतलं फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचंच नैसर्गिक रूप) शिजवताना बरंच जातं. माझ्या वहिनीला फिट्सच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून डॉक्टरांनी तिला फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मुद्दाम जास्त ताकदीची, ५ मिलिग्रॅमची दिली. मेडिकलवाले पुष्कळदा तीच सगळ्यांना देतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचून डॉक्टरांना विचारा.