शब्दचर्चा : मँगनीजच्या दगडाची 'रेघ' ओढायची की 'कस' काढायचा?

मुळाकाठ :
औंधातल्या आमच्या सोसायटीत मुलांसाठी दगडांचं छोटंसं प्रदर्शन मांडतोय. बारा दगड जमलेत. नऊ इथलेच : बेसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट, गारगोट्या वगैरे. त्यांच्या पाट्या तासाभरात लिहून झाल्या. उरलेल्या तिघांनी आठवडाभर छळलंय. तिन्ही मँगनीजचे, मेहुण्यांनी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून पाठवलेले. तिन्ही काळे. एकाला हात लावला की बोटं काजळ लागल्यासारखी होतात. दुसरा जड, टणक, हाताला काही लागत नाही. तिसरा फ्रिजवरच्या चुंबकाला चिकटतो.

प्रश्न असे. दगड फरशीवर घासला की जो रंग उमटतो, इंग्रजीतला स्ट्रीक, त्याला मराठीत काय म्हणू? मी 'रेघेचा रंग' लिहिलंय, पण वाचताना पट्टी-पेन्सिल आठवते. दुसरं, ओअर म्हणजे 'कच्ची धातू', 'खनिज' की आणखी काही? आणि खनिजाच्या डिपॉझिटला 'साठा' चालेल का?

गारगोटी :
'रेघ' खोडा. शब्द तयार आहे : कस. मराठी विश्वकोशात खनिजांच्या नोंदी काढून बघा. कठिनता, विशिष्ट गुरुत्व, चमक, पाटन (सपाट चिरणं), भंजन (वेडंवाकडं तुटणं) आणि कस अशी सगळी वंशावळ दिलेली असते.

शनवारवाला :
कस जमिनीचा असतो. फार तर पैलवानाचा लागतो. दगडाला कस कसला? मुलं विचारतील, 'आजोबा, यात काय पिकतं?'

गारगोटी :
विचारू देत की! तेच तर हवंय. रविवार पेठेत सराफाकडे जुनं सोनं मोडायला गेलात तर तो काय करतो? निदान माझ्या लहानपणी तरी करायचा : काळ्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेली रेघ डोळे बारीक करून बघायचा आणि मग आईचा चेहरा पडायचा. त्या दगडाला कसोटी म्हणतात आणि रेघेला कस. मुळाशी संस्कृत 'कष्', म्हणजे घासणे. 'निकष' तिथलाच. निकष म्हणजे आधी कसोटीचा दगडच, मापदंड वगैरे अर्थ नंतरचा. म्हणजे स्ट्रीकसाठी आपल्याला शब्द घडवावाच लागला नाही, सराफकट्ट्यावरून उचलून आणला.

फरक एवढाच, की सराफाचा दगड काळा आणि सोनं पिवळं. खनिजं बहुधा गडद, म्हणून आपली कसोटी पांढरी लागते : झिलई नसलेली चिनी माती. बाथरूमच्या टाइलची मागची बाजू चालते.

शनवारवाला :
ताई, व्युत्पत्ती मान्य. पण काळा दगड घासला तर काळंच उमटणार. त्यासाठी एवढा शब्द कशाला खर्च करायचा?

गारगोटी :
तिथेच तर गंमत आहे! काळा दिसणारा हेमॅटाइट घासा, कस विटेसारखा लाल निघतो. मँगनीजच्या कुटुंबातही पायरोलुसाइटचा कस काळा, ब्रॉनाइटचा तपकिरी झाक असलेला काळा आणि हाउसमॅनाइटचा चक्क तांबूस तपकिरी. बाहेरून तिघे एकाच शाळेच्या गणवेशात. डोळ्याला जो दिसतो तो रंग आणि घासल्यावर जो कबूल होतो तो कस. मुलांना एवढं सांगितलं तरी प्रदर्शन वसूल.

एक इशारा मात्र द्या. कस आणि कठिनता एक नव्हे. आपण 'कस लागला' म्हणतो तेव्हा मनात कष्ट असतात, त्यामुळे मुलं 'कस' वाचून दगड टणक आहे असं समजतील. मुळाकाठ, तुमचा बोटं काळी करणारा तो पायरोलुसाइट असणार, मँगनीज डायऑक्साइड. त्याचे नीट वाढलेले स्फटिक मोह्सच्या १ ते १० मापावर ६ ते ६.५ कठिनतेचे असतात, पण भुसभुशीत ढेकूळ २ पर्यंत उतरतं. खनिज तेच, कस तोच, कठिनता मात्र इथून तिथे. टणक तो ब्रॉनाइट असावा. त्यात सिलिका असते, आणि शुद्ध असेल तर वजनाच्या ६३ टक्क्यांच्या आसपास मँगनीज. पायरोलुसाइटचंही तेवढंच.

मुळाकाठ :
'कस' मंजूर. घरी टाइलच्या मागच्या बाजूवर घासून पाहिलं. पहिल्याचा काळा कुळकुळीत. दुसऱ्याचा मलाही आधी काळाच वाटला, खिडकीशी नेल्यावर तपकिरी दिसला. बायको म्हणते, टाइल कुठून काढली तेही पाटीवर लिहा.

पोरका अनुस्वार :
मधेच घुसतो. पाटीवर 'मँगनीज' लिहा. 'मॅग्नीज' नको, 'मैंगनीज' तर मुळीच नको, ते हिंदी. आणि 'मँ'वरचं चिन्ह म्हणजे हिंदीतला चंद्रबिंदू नव्हे. आपल्याकडे ती ॲची चंद्रकोर आणि तिच्यावर बसलेला अनुस्वार. झालं माझं.

वैनगंगा :
मी तुमसरचा, सध्या वाकडला. आमच्याकडे म्हातारी माणसं 'मॅग्नीज'च म्हणतात, त्यांना पाटी दाखवून काही फरक पडणार नाही. आणि 'खाण' तर पुण्यात आल्यावर तोंडात बसला. तिकडे खदान. 'बाबा खदानीवर गेले' हेच वाक्य कानात आहे.

तुमचे दगड बहुतेक डोंगरी बुजुर्ग नाहीतर चिखल्याचे असतील, दोन्ही तुमसर तालुक्यात. डोंगरी बुजुर्गची खदान उघडी आहे आणि तिथला डायऑक्साइड माल कोरड्या बॅटरीसाठी जात आलाय. बोटं काळी करणारा तुमचा दगड तिथला असेल तर नवल नाही. बालाघाटला भरवेलीची मात्र जमिनीखाली खोल उतरलेली.

शनवारवाला :
डोंगरी 'बुजुर्ग'? मग हे आमचं बुद्रुकच!

वैनगंगा :
तेच. फारसी बुजुर्ग म्हणजे मोठा. तुमच्याकडे जीभ वळून आंबेगाव बुद्रुक, कोंढवा बुद्रुक झालं, आमच्याकडे मूळ रूप टिकलं. खुर्द दोन्हीकडे खुर्दच राहिलं. पुण्यात नवीन होतो तेव्हा रिक्षावाल्याला 'कोंढवा बुजुर्ग' म्हणालो होतो. त्यानं मीटर न टाकता भाडं सांगितलं.

गारगोटी :
नावांवरून आठवलं. मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यात काजळीडोंगरी नावाची मँगनीजची खाण आहे. काजळी आणि डोंगरी! हा माझा तर्क, पण भूवैज्ञानिक येण्याआधीच गावकऱ्यांनी कस काढून ठेवला होता असं म्हणावंसं वाटतं. नागपूर जिल्ह्यात बेलडोंगरी आहे. मँगनीजचे थर आणि त्यांच्या सोबतचे खडक झिजायला चिवट, आजूबाजूची जमीन झिजली तरी ते टेकडी होऊन उभे राहतात, म्हणून नावांत एवढ्या डोंगऱ्या.

काजळीडोंगरीहून आलेल्या एका खनिजाला भूवैज्ञानिक लुइस फर्मर यांनी हॉलंडाइट नाव दिलं, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून. साहेबाचं नाव टिकलं. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून फर्मर यांनीच 'सीतापाराइट' केलं होतं, ते मात्र पुसलं गेलं. पुढे कळलं की तो बिक्सबाइटच, आणि बिक्सबाइट नाव आधीचं. नामकरणात आधी येणाऱ्याचा मान, गावाचा नाही.

पोरका अनुस्वार :
आणि गोंडाइट हा मँगनीजवाला खडक? तो गोंडवाना खडकांतला ना?

गारगोटी :
नाही! हा घोटाळा एम.एस्सी.च्या मुलांकडूनही ऐकलाय. दोन्ही नावं गोंडांवरून आली, पण खडकांचा संबंध नाही. गोंडवाना थर म्हणजे आपला दगडी कोळसा, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीपासून साचलेला. गोंडाइट सौसर गटातला (तुमसर-नागपूर-छिंदवाड्याकडचे मँगनीजवाले खडक), प्रोटेरोझोइक काळचा, म्हणजे त्याहून कितीतरी जुना. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जो जाडजूड ग्रंथ काढला त्यातलं हे नाव. गोंडाइट म्हणजे क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन, हा मँगनीजवाला गार्नेट.

आता तुमचा ओअरचा प्रश्न इथेच सुटतो. त्याला शब्द धातुक. गोंडाइटमध्ये मँगनीज आहे, भरपूर आहे. पण ते सिलिकेटमध्ये असं घट्ट अडकलंय की काढायचा खर्च परवडत नाही. म्हणून गोंडाइट हा खडक. त्यातला स्पेसार्टिन हे खनिज. दोघेही धातुक नाहीत. शेजारच्या थरातला ब्रॉनाइट मात्र खनिजही आणि धातुकही. दहावीच्या विज्ञानात व्याख्या आहेच : ज्यातून धातू फायदेशीरपणे वेगळा करता येतो ते धातुक. 'फायदेशीर' हा शब्द नीट बघा. धातुक हा भूविज्ञानापेक्षा हिशोबाच्या वहीतला शब्द आहे. भाव चढला की कालचा टाकाऊ दगड आज धातुक होतो. 'खनिज' शब्दाला बाजारभाव कळत नाही.

'कच्ची धातू' नको. एक तर धातू मराठीत पुल्लिंगी, 'तो धातू'. दुसरं, ऐकून वाटतं की धातू आहेच, फक्त शिजायचा राहिलाय.

शनवारवाला :
हिंदीत सुटसुटीत 'अयस्क' आहे. तोच घ्या ना.

पोरका अनुस्वार :
अयस् म्हणजे संस्कृतात मुख्यतः लोखंड. 'मँगनीज अयस्क' म्हणजे कानाला 'पितळेचा लोहार' वाटतं. धातुक बरा.

मुळाकाठ :
धातुकही मंजूर. दहावीच्याच पुस्तकात गँगला, म्हणजे धातुकासोबत येणाऱ्या माती-दगडाला, 'मृदा अशुद्धी' म्हटलंय. ते वापरू?

गारगोटी :
परीक्षेसाठी ठीक. तुमच्या पाटीवर 'सोबतची माती-दगड' लिहा.

'साठा' मात्र जपून. साठा म्हणजे मोजून ठेवलेला, वखारीतला. किती टन काढता येईल हे सांगायचं असेल तर साठा. निसर्गानं एका जागी गोळा करून ठेवलंय एवढंच म्हणायचं तर परिभाषेतला शब्द निक्षेप. संस्कृतात निक्षेप म्हणजे विश्वासानं कुणाकडे सोपवलेली ठेव.

शनवारवाला :
म्हणजे लक्ष्मी रोडच्या बँकेतली मुदत ठेव. फक्त मुदत जरा जास्त.

गारगोटी :
हो, आणि व्याजही लागलंय! सौसरचं मँगनीज आधी समुद्रात साचलं. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं राहतं, प्राणवायू भेटला की ऑक्साइड होऊन तळाशी बसतं. लोखंड त्याच्या आधी बसतं, म्हणून दोघांची बऱ्यापैकी फारकत होते. जिथे वाळू-चिखल मिसळला तिथे पुढे उष्णता आणि दाबानं गार्नेट तयार होऊन गोंडाइट झाला. जिथे कमी मिसळला तिथे ब्रॉनाइटसारखी धातुकं. हे सगळं मुख्यतः मनसरच्या थरांत. मनसर म्हणजे रामटेकजवळचं, नागपूर-जबलपूर रस्त्यावरचं. मग ते थर उघडे पडले, पावसापाण्यानं वरचा भाग कुजला आणि त्याचा पायरोलुसाइट झाला. तेव्हा मुळाकाठ, तुमचा दुसरा दगड जुना आणि बोटं काळी करणारा पहिला त्याचा धाकटा असं म्हणायला हरकत नाही. मुलांसाठी 'निक्षेप' न लिहिता 'थर' लिहा. तिथे तो थरच आहे.

वैनगंगा :
गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेनं समुद्राच्या तळावरून मँगनीजचे गोटे काढले होते, ते पण निक्षेपच का?

गारगोटी :
तेही. 'गवेषणी' जहाजावरून पहिला नमुना २६ जानेवारी १९८१ ला आला. काही लोक 'गाठी' म्हणतात, मला 'गोटे' आवडतं. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. जहाजाचं नाव बघा : गवेषणा म्हणजे शोध, पण मुळात गो + एषणा, हरवलेली गाय हुडकणं.

मुळाकाठ :
तिसरा राहिला. चुंबकाला चिकटणारा.

गारगोटी :
जेकब्साइट असू शकेल. मँगनीज आणि लोखंड दोघांचं ऑक्साइड. पण तपासल्याशिवाय नाव लिहू नका. फर्मर यांनी अशाच एका चुंबकीय दगडाला 'व्रेडेनबर्गाइट' म्हटलं होतं, नंतर तो जेकब्साइट आणि हाउसमॅनाइट एकमेकांत गुंतलेला निघाला.

पोरका अनुस्वार :
मॅग्नेट आणि मँगनीज ही नावंही भाऊभाऊच. ग्रीसमधल्या थेसलीत मॅग्नेशिया नावाचा प्रांत, तिथून मॅग्नेट. काळ्या दगडाला 'मॅग्नेशिया निग्रा' म्हणायचे, इटालियन तोंडात त्याचे ग आणि न जागा बदलून बसले आणि झालं मँगनीज. म्हणजे वैनगंगा, तुमची म्हातारी माणसं 'मॅग्नीज' म्हणतात ते मुळाच्या जास्त जवळ. मघाचा आक्षेप निम्मा मागे. धातू वेगळा केला तो योहान गान यांनी, १७७४ मध्ये.

पायरोलुसाइटही ग्रीक : अग्नी आणि धुणं. काचेतली लोखंडाची हिरवट छटा घालवायला काचकार तो भट्टीत टाकत. मराठीत 'अग्निक्षालक' करावं का?

शनवारवाला :
करा. मुलं पाटी वाचतील आणि थेट घरी जातील.

गारगोटी :
पायरोलुसाइटच राहू द्या. वर मँगनीजच्याच 'सिलोमेलेन' या दगडाच्या नावाचं भाषांतर करायला बसलात तर 'टकला काळा' होईल, ग्रीकमध्ये तसाच अर्थ आहे. द्राक्षांच्या घडासारखा, गुळगुळीत दिसतो म्हणून. आता तर त्याला वेगळं खनिजही मानत नाहीत.

मुळाकाठ :
पाट्या झाल्या.
'१०. पायरोलुसाइट. मँगनीजचं धातुक. कस काळा. हात लावून बघा, मग धुवा.'
'११. ब्रॉनाइट (बहुधा). मँगनीजचं धातुक. कस तपकिरी-काळा. टणक आहे, पण कस म्हणजे टणकपणा नव्हे.'
'१२. काळा दगड, तुमसर. चुंबक लावून बघा. नाव अजून ठरायचंय.'
शेजारी टाइलचा तुकडा उलटा ठेवलाय. काल रंगीत तालीम घेतली. समोरच्या बिल्डिंगमधल्या सहावीतल्या मुलीनं तिन्ही घासून पाहिले आणि विचारलं, आपल्या शेजारच्या पाषाण गावातल्या काळ्या दगडाचा कस कुठला?

गारगोटी :
बेसाल्ट खडक आहे, खनिज नव्हे. कस खनिजाचा बघतात. पण तिला नाही म्हणू नका. बेसाल्टमध्येही पाव टक्क्याच्या आत मँगनीज असतंच. राखाडी उमटेल, घासू दे.