फुकटचे कोर्स क्रेडिटमध्ये धरावेत का?

पेठकर मास्तर
यूजीसीने २०२१ मध्ये 'स्वयम्'च्या, म्हणजे सरकारच्या मोफत ऑनलाइन पोर्टलवरच्या, कोर्सची मर्यादा २० टक्क्यांवरून ४० टक्के केली. म्हणजे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय पोरं ऑनलाइन करू शकतात आणि त्यांचं क्रेडिट पदवीच्या हिशेबात धरलं जातं. मला हे पटत नाही. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, म्हणून पाच-पाच कोर्सना नावं टाकायची आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं थंड! एमआयटीच्या २०१२ च्या पहिल्या मोठ्या मोफत कोर्सला दीड लाखाच्या वर नोंदणी होती. पास झाले ७,१५७.

कोथरूडची कॅल्क्युलेटर
मास्तर, ७,१५७ म्हणजे ६० पोरांचे जवळपास १२० वर्ग, तेही एका झटक्यात. अप्पा बळवंत चौकात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणतो का? मोजायचंच तर पहिली असाइनमेंट भरली तिथून मोजा.

हडपसर लॅब
नोंदणीचं जाऊ द्या, खरी गोम असाइनमेंटमध्ये आहे. एनपीटेलच्या, म्हणजे 'स्वयम्'वरच्या आयआयटीवाल्यांच्या, १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ असाइनमेंट असतात. त्यातल्या उत्तम ८ ची सरासरी २५ गुणांना, उरलेले ७५ केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला. टेलिग्रामवर उत्तरं तयार मिळतात, त्यामुळे पंचविसापैकी पंचवीस सहज पडतात. क्रेडिट द्यायचं तर कॉलेजनं स्वतःची तोंडी परीक्षा घ्यावी.

कोथरूडची कॅल्क्युलेटर
अर्धंच सांगितलंत. सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. समजा कॉपी करून २५ मिळाले आणि परीक्षेत २८ आले. बेरीज ५३, तरी हातात काही नाही. कॉपीवाला नेमका तिथेच आपटतो, कारण केंद्रावर आकडे बदललेले असतात आणि पायऱ्या त्यानं कधी केलेल्याच नसतात.

पेठकर मास्तर
बरं, हे मान्य. पण वेल्डिंग, लेथ, सर्किट सोल्डर करणं याचं काय? व्हिडिओत सोल्डर नेहमी चकचकीतच बसतो. हातात सोल्डरिंग आयर्न आलं की सर्किट बोर्डावरचा पॅड (जोडाची तांब्याची जागा) पुरेसा तापत नाही, सोल्डरचा गोळा होतो आणि जोड कच्चा राहतो. तो कच्चा जोड ओळखायला शेजारी कुणीतरी उभं लागतं.

हडपसर लॅब
यात मास्तरांशी शंभर टक्के सहमत. व्हर्च्युअल लॅबमध्ये माउसनं तार जोडली तर ती सुटत नाही! प्रॅक्टिकलचे विषय बाहेर ठेवा, थिअरीला चालू द्या.

सिंहगड रोड
सगळे पोरांवर घसरलात, वेळापत्रकाकडे कुणी पाहतच नाही. असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९. कॉलेजची युनिट टेस्ट त्याच आठवड्यात आली की पोरगं आधी टेस्टच बघणार. दोन-तीन आठवडे असे गेले की बारातून आठची सवलत संपत येते. कॉलेजनं आठवड्याचे दोन तास टाइमटेबलात लावून एक शिक्षक बसवावा. व्हिडिओ थांबवायचा, गणित वहीत सोडवायचं, मग पुढे. इंग्रजी उच्चार डोक्यावरून जाणाऱ्यांनी आधी ट्रान्सक्रिप्ट वाचावा. एवढी सोय न करता क्रेडिट मोजायला मी तरी हो म्हणणार नाही.