गच्चीवरचं सूर्यफूल: फूल भरदार, दाणे पोचट

गच्ची_कळंबा
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ कळंब्यात गच्चीवर बारा इंची कुंड्यांत सूर्यफूल लावलंय. पेरणी जूनमधली, फुलं ऑगस्टमध्ये उमलली. फुलं ताटलीएवढी आहेत, पण दाणे दाबून बघितले तर निम्म्याहून जास्त पोचट. कडेचे भरलेत, त्याच्या आत एक पट्टा पूर्ण रिकामा, परत थोडे भरलेले, आणि मध्ये काहीच नाही. शेणखत आणि युरिया दोन्ही दिलं होतं. खत कमी पडलं का? दसऱ्याला पुन्हा पेरायचं आहे. दाणे घरी कसे सोलायचे, तेल निघेल का, तेही सांगा.

करवीर_माळी
दादा, खत कमी पडलेलं नाही. तुमच्या फुलांना पाऊस नडलाय.

सूर्यफुलाचं एक फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांचं तबक. ही बारीक फुलं कडेकडून आत उमलत जातात, रोज दोन-तीन वेढे. पूर्ण तबक उमलायला आठ-दहा दिवस लागतात. त्यातल्या ज्या सकाळी पाऊस लागून राहतो, त्या सकाळी मधमाशी फिरकत नाही आणि पराग भिजून वाया जातो. तुमचा रिकामा पट्टा त्या दिवसांचा आहे. दाणे सगळ्या फुलभर विखरून पोचट असतील तर मधमाश्या मुळातच कमी येतात असं समजा. अगदी मधले थोडे दाणे मात्र कुठल्याही फुलात पोचट राहतात, कारण अन्नरस आधी कडेच्या दाण्यांना मिळतो. ते मनावर घेऊ नका.

दसरा ही आपल्याकडची योग्य वेळ. तोवर पाऊस सरत आलेला असतो, फुलोरा कोरड्या थंडीत येतो आणि संक्रांतीच्या आसपास तोडणी होते.

कुंडी पंधरा इंची घ्या, किंवा वीस लिटरची रंगाची बादली, तळाला पाच-सहा भोकं पाडून. सोटमूळ सरळ खाली जातं, त्यामुळे रुंदीपेक्षा खोली बघा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पन्हाळ्याकडची तांबडी माती असेल तर वाळू निम्मी पुरे. शिरोळकडची काळी असेल तर वाळूत अजिबात काटकसर नको, पाणी साचलं की मूळ कुजतं. एका कुंडीत दोन बिया, अडीच-तीन सेंटिमीटर खोल. पाच ते आठ दिवसांत उगवतात. दहा-बारा दिवसांनी जोमदार रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. रोप एकीकडून दुसरीकडे लावायचा विचारसुद्धा करू नका.

युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पाला आणि उंची वाढते, खोड मऊ राहतं आणि फुलाच्या ओझ्याने झाड आडवं होतं. गच्चीवर वारा असतोच, गुडघाभर झालं की काठीचा आधार द्या.

आता खरं काम. सहा-आठ झाडं एकाच दिवशी पेरा, म्हणजे एकदम फुलतील. पुष्कळ वाणांत स्वतःचा पराग स्वतःला नीट चालत नाही. फुलोऱ्यात सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान हाताला मलमलचं कापड गुंडाळून एका फुलावरून हलका हात फिरवायचा, तोच हात दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. एक दिवसाआड, तबक पूर्ण उमलेपर्यंत. कापडावर पिवळी भुकटी दिसली की काम बरोबर चाललंय. दाबून घासू नका, आतली कोवळी फुलं चिरडतात.

शिरोळ_शेतकरी
माळीदादांचं बरोबर आहे, त्यात बोरॉनची भर घालतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की बोरॅक्स (त्यातूनच बोरॉन मिळतं) २ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून तबकावर एकदाच फवारा, तेही संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, गार पाण्यात कण राहतात. मात्रा वाढवू नका, पानांच्या कडा करपतात. पण परागच पोचला नसेल तर बोरॅक्स काही करणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाण्याचा ताण तीन वेळा चालत नाही: कळी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना. कुंडीत वरून उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या, ओल टिकते.

आसपास गाजरगवत असेल तर फुलायच्या आत काढा. फुलकिडे त्याच्या परागाबरोबर नेक्रोसिस या रोगाचा विषाणू आणतात. एकदा झाड वेडंवाकडं होऊन कळी पिळवटली की उपाय नाही, उपटून टाकायचं. आणि पाकळ्या गळाल्या की फुलाला जाळीची पिशवी बांधा, नाहीतर पोपट तुमच्याआधी तोडणी करतात. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरून बुरशी येते.

गच्ची_कळंबा
फार उपयोगी. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बियांवर गुलाबी रंग आहे. उरलेल्या भाजून खाल्ल्या तर चालतील का?

शिरोळ_शेतकरी
अजिबात नाही! तो रंग बीजप्रक्रियेच्या, म्हणजे पेरणीआधी बियांना चोळलेल्या औषधाचा आहे. धुऊनही खाऊ नका, पाखरांना टाकू नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा. गच्चीला मॉर्डन वाण बरा, कमरेएवढाच वाढतो आणि ८०-८५ दिवसांत तयार होतो.

पाचगाव_काकू
तोडणीचं मी सांगते. फुलाची मागची बाजू हिरवी असताना घाई करू नका. ती पिवळी होऊन कडेने तपकिरी व्हायला लागली की वीतभर देठ ठेवून कापा. दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, काठीने झोडपा, सुपात पाखडा. नंतर दाणे परत उन्हात द्या. दाताखाली कट्कन फुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. ओले भरले की डब्यात बुरशी ठरलेली.

सोलायला मिक्सरमध्ये मूठ-मूठ घ्या आणि बटण फक्त क्षणभर दाबून सोडा, चार-पाच वेळा. मग पाण्यात टाका. टरफलं वर येतात, गर खाली बसतो. गर लगेच फडक्यावर पसरून वाळवा. तेलाच्या वाणाचे काळे दाणे बारीक असतात, सोलायला चिकाटी लागते. खायलाच लावायचं असेल तर पट्ट्यांचे मोठे दाणे घ्या.

चटणी: एक वाटी गर मंद आचेवर भाजा, रंग बदलायला लागला की लगेच उतरवा, कढईच्या उष्णतेने पुढचं होतं. जास्त भाजला की कडू. पूर्ण गार झाल्यावर सहा-सात लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, दोन चमचे तिखट, मीठ घालून थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. सोललेला गर लवकर खवट होतो, म्हणून साठवायचे ते टरफलासकट.

आणखी एक. ढोकळ्यात किंवा केकमध्ये सोड्याबरोबर गर घातला तर तो आतून हिरवा पडतो. बुरशी समजून फेकू नका. गरातल्या क्लोरोजेनिक आम्लाचा सोड्याशी संयोग होऊन तो रंग येतो, खायला हरकत नाही. सोडा कमी करून ताक वाढवलं तर रंग कमी येतो.

करवीर_माळी
तेलाचं राहिलं. कुंडीतल्या एका फुलाचे २५ ते ४० ग्रॅम दाणे धरा. आठ झाडांचे पाव किलो. घाण्यावर वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल मिळतं, म्हणजे तुमच्या वाट्याला ८० ग्रॅम. घाण्याला एका वेळी काही किलो माल लागतो, त्यामुळे तुमचे दाणे चटणीलाच ठेवा. टरफलं मात्र ताजी कुंडीत टाकू नका, त्यांचा अंश कोवळ्या रोपांची वाढ रोखतो. खताच्या खड्ड्यात कुजवून मगच वापरा.