मदत हवी आहे: मुलाचा क्रोन्स, ८ आठवडे नुसता फॉर्म्युला कसा पाजायचा?
मुलगा ११ वर्षांचा, आम्ही नाशिकला. चार महिने जुलाब, वजन ३१ वरून २६, शेवटी कोलोनोस्कोपी-बायोप्सीत क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) निघाला, आतड्याचा टीबी हुबेहूब असाच दिसतो म्हणून त्याच्याही टेस्ट केल्या, निगेटिव्ह आहेत. स्टिरॉइडने वाढ खुंटू शकते म्हणून डॉक्टरांनी आधी ८ आठवडे फक्त फॉर्म्युला (जेवणाऐवजी प्यायचं, पूर्ण पोषण देणारं तयार पेय) सांगितलाय, बाकी पाण्याशिवाय काही नाही.

आज पाचवा दिवस. गार करून, स्ट्रॉने, व्हॅनिला-चॉकलेट दोन्ही देऊन झालं, संध्याकाळी फोडणीचा वास आला की ग्लास सरकवतो आणि रडतो हो. नाकातून पोटात नळी घालून फॉर्म्युला द्यायचा म्हटलं तर तो घाबरतो. ज्यांच्या मुलांनी हे पूर्ण केलं त्यांनी प्लीज सांगा, दिवसाचे ग्लास कसे वाटून दिले, आणि शाळेत डब्याच्या सुट्टीत काय केलंत?