करणी की बहिरी संख्या?

मधली_सुट्टी: एका लेखाचं भाषांतर करतेय. मूळ लेखक 'सर्ड' (√२ सारखं, अपूर्णांकातही नेमकं न मांडता येणारं मूळ) शब्दाशी खेळलाय. लॅटिन सुर्दुस म्हणजे बहिरा, म्हणून √२ कुणाचं ऐकत नाही, वगैरे. मराठीत आपण म्हणणार करणी. सगळी कोटीच मेली! काय करू?

जुना_खडू: ही बहिरी मुळात मुकी होती. ग्रीकात 'अलोगोस'. लोगोस म्हणजे बोलणं आणि गुणोत्तरही. अरबांनी त्याचं 'असम्म', म्हणजे बहिरा, केलं आणि १२व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्दने त्याचं लॅटिन. 'ॲब्सर्ड'मधला सर्ड तोच.

खोबरं: नववीत घरी सांगितलं, "आज बाईंनी करणी शिकवली." आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वर बाईंचं आडनाव विचारलं.

दोरीवाला: 😀 आजींना सांगा, भानामतीशी संबंध नाही. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञाच्या वेद्या आखण्याच्या जुन्या ग्रंथांत, द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू. मूळ चौरसाची बाजू १ धरली तर √२. बौधायनाने किंमतही दिलीय: १ + १/३ + १/१२ − १/४०८. दशांशात १.४१४२१५..., पाच स्थळांपर्यंत बरोबर! वेद्या आखणाऱ्यांचा शब्द आहे हा, जपायला हवा.

सेमीइंग्रजी: जपा. माझी मुलगी सर्ड म्हणते आणि गणितं बरोबर सोडवते.

जुना_खडू: उद्या परिमेयलाही रॅशनल म्हणेल.

सेमीइंग्रजी: म्हणतेच. विवेकी संख्या! छान वाटतं की.

जुना_खडू: विवेक कुठून आला? तो रॅशनल रेशोवरून. दोन पूर्णांकांचं गुणोत्तर मांडता येतं ती परिमेय. छेद शून्य नको, एवढंच.

खोबरं: पण काका, परिमेय म्हणजे मोजता येणारी ना? एक सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण मी आत्ता काढून दाखवते. √२ सेंटिमीटर. समोर आहे, मग अपरिमेय कसा?

दोरीवाला: बाजू आणि कर्ण दोन्ही पुरे पुरे मोजेल असं एकच माप मिळत नाही, म्हणून. कितीही बारीक घ्या.

खोबरं: मग 'असममाप' म्हणायचं. अपरिमेय ऐकलं की अपरंपार वाटतं.

जुना_खडू: झालं. आता पाठ्यपुस्तक मंडळावर मोर्चा.

मधली_सुट्टी: अहो, माझ्या कोटीचं काय? लेख उद्या द्यायचाय.

दोरीवाला: कोटीवरून आठवलं, काटकोन त्रिकोणात भुज, कोटी, कर्ण. कोटी म्हणजे उभी बाजू. कोसाइनला कोटिज्या म्हणतात ते त्यावरूनच.

खोबरं: मग शंभर लाखवाली कोटी कुठली?